आधी वाकून बघ

भाचीला एक तुकडा हवा आहे आणि मामाला दोन. भांडणाला एवढं कारण पुरलं.

भाची चाकणच्या एका कारखान्यात इंजिनीअर. ३९० सीसीची स्पोर्ट्स गाडी चालवते आणि ट्रॅकवर गाडी कशी हाकायची हे शिकायला कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर जायचं तिने पक्कं केलंय. मामाचा धारावीत चामड्याचा धंदा आहे. पिशव्या, पट्टे, जाकिटं. स्वतःची मोटरसायकल त्याने लग्नानंतर विकून टाकली. पण चामड्याचा तुकडा हातात दिला की तो जनावराच्या पाठीचा की पोटाचा, हे तो न बघता सांगतो. ट्रॅकवर घालायचा चामडी सूट घेण्याआधी भाची त्याला विचारायला आली. खरं म्हणजे सांगायलाच आली.

"वन-पीस कशाला?" मामा म्हणाला. "जाकीट वेगळं, पँट वेगळी घे. जाकीट रस्त्यावरही वापरता येईल. हा एकसंध डगला वर्षातून चारदा अंगावर चढणार आणि बाकीचं वर्ष कपाटात बुरशी धरणार. आणि मध्येच बाथरूमला जायचं झालं तर?"

"तर वेळ लागतो. तिथे सगळ्यांनाच लागतो."

"म्हणजे गैरसोय मान्य आहे."

"मान्य आहे. पण मी घसरले की जाकीट वर सरकतं. मग कंबर उघडी पडते, आणि डांबर तिथूनच आत शिरतं. वन-पीसमध्ये ती फटच नाही."

मग तिने मोबाइलवर हिशेब मांडला. चामडं आणि डांबर यांच्यातलं घर्षण साधारण ०.७ धरलं, तर ताशी १०० किलोमीटरने घसरणारा माणूस थांबायला सुमारे चार सेकंद घेतो आणि तेवढ्यात पन्नासपेक्षा जास्त मीटर जातो. चार सेकंद ऐकायला काहीच वाटत नाहीत. पण डांबर हे खरखरीत कानशीच असतं, आणि त्यावर अख्ख्या अंगाचा भार टाकून चार सेकंद घासायचं आहे. साधी जीन्स यात सेकंदभरही टिकेल असं कोणी छातीठोक सांगणार नाही.

मामाने इथे खोच मारली. जुन्या इंग्रजी मोटरसायकल मासिकांचा गठ्ठा त्याच्या माळ्यावर अजून आहे. "तुझा हा वन-पीस जीव वाचवायला जन्माला आलेला नाही, माहीत आहे? वारा कापायला आला."

आणि तो बरोबर बोलत होता. जेफ ड्यूक हा इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या सेंट हेलेन्सचा शर्यतपटू. पन्नासच्या दशकात त्याने सहा जागतिक विजेतेपदं मिळवली. त्याच्या आधीचे शर्यतपटू खिसे, पट्टे, बटणं असलेला दोन तुकड्यांचा चामडी पोशाख घालत आणि वेगात तो फडफडत असे. १९५० साली ड्यूकने गावातल्याच फ्रँक बार्कर नावाच्या शिंप्याकडून अंगाला चिकटून बसणारा एकसंध सूट शिवून घेतला. हेतू एकच, वाऱ्याचा अडथळा कमी करणं. आधी लोक हसले, मग सगळ्यांनी तसाच शिवला. म्हणजे आज सुरक्षेचं सर्वोच्च रूप मानला जाणारा हा पोशाख काही सेकंद वाचवण्याच्या नादात एका गावच्या शिंप्याच्या टेबलावर तयार झाला. कंबरेची फट बंद झाली, हा त्याचा वरचा नफा.

"मग नफा घ्यायला काय हरकत आहे?" भाची म्हणाली.

मामाकडे उत्तर नव्हतं, पण त्याने दोन तुकड्यांची बाजू सोडली नाही. त्याच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे, ती इथेच मान्य करून पुढे गेलेलं बरं. जाकीट आणि पँट कंबरेभोवती पूर्ण गोल चेनने जोडता येत असतील, तर असा जोडसूट ट्रॅकच्या पहिल्या वर्गांना बहुतेक ठिकाणी चालतो. पाठीमागे वीतभर चेन असलेला जोड मात्र नुसतं समाधान आहे. घसरताना तो पुढून उघडतोच. ज्याला एकाच पोशाखात महाबळेश्वरचा घाटही चढायचा आहे आणि ट्रॅकवरही जायचं आहे, त्याने पूर्ण गोल चेनवाला जोडसूट घ्यावा. भाचीचं तसं नाही. रस्त्यासाठी तिच्याकडे जाळीचं जाकीट आधीच आहे. तेव्हा वन-पीस हा तिचा हट्ट नव्हे, हिशेब आहे. मामाने तो मनातल्या मनात मान्य केला असावा, कारण पुढचा प्रश्न त्याने चामड्याचाच विचारला.

"कशाचं आहे?"

"गाईचं. कांगारूचंही मिळतं, पण परवडणार नाही."

"जाडी?"

भाचीने मोबाइलवर शोधलं. विक्रेत्याच्या वर्णनात 'उच्च प्रतीचं अस्सल चामडं' एवढंच होतं. मामा हसला. पुढची पंधरा मिनिटं तोच बोलत होता.

शर्यतीच्या सूटसाठी गाईचं चामडं साधारण १.२ ते १.४ मिलिमीटर जाडीचं वापरतात. कांगारूचं एक मिलिमीटरच्या आसपास असलं तरी पुरतं, कारण त्याचे तंतू पृष्ठभागाला समांतर आणि एकसारखे विणलेले असतात. तेवढ्याच जाडीच्या गाईच्या चामड्यापेक्षा ते जास्त ताण सोसतं. सूट हलका होतो आणि अंगावर लवकर बसतो. म्हणून मोठे शर्यतपटू कांगारू घालतात आणि म्हणूनच ते महाग आहे. म्हशीचं चामडं जाड आणि टिकाऊ, पण पोत भरड, हाताला राठ, आणि त्याच जाडीत गाईच्या चामड्याइतकं घट्ट नसतं. बकरीचं, मेंढीचं पातळ. फॅशनच्या जाकिटाला ठीक, इथे उपयोगाचं नाही.

"महाराष्ट्रात २०१५ नंतर बैलाचंही बंद झालं," मामा म्हणाला. "तेव्हापासून आमच्याकडे म्हैस आणि बकरी. गाईचं पाहिजे तर बाहेरून येतं. म्हणून कोणी तुला धारावीत स्वस्तात गाईच्या चामड्याचा रेसिंग सूट देतो म्हणाला, तर बिल माग आणि बोटाने दाबून बघ."

त्याने दोन तुकडे टेबलावर टाकले. पहिला पाठीचा होता; दाबला की बारीक सुरकुती पडून पुन्हा सपाट होई. दुसरा पोटाकडचा, दाबल्यावर मोठ्या सैल सुरकुत्या पडत आणि ओढला तर तो लांबत जाई. "एका जनावरात दोन्ही असतात. पोट फेकून द्यायचं कोणाच्या जिवावर येतं? मग ते मांडीच्या आतल्या बाजूला घालतात. तिथे चालतं. खांद्याला घातलं तर फसवणूक."

कमावण्याची पद्धतही महत्त्वाची. कोल्हापुरी चपलेचं चामडं बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेलं असतं. ते कडक राहतं, घामाने पायाचा आकार घेतं आणि वर्षानुवर्षं टिकतं. त्या चामड्याचा सूट शिवला तर त्यात कोपर वाकणार नाही. सूटाचं चामडं क्रोम क्षारांनी कमावतात, त्यामुळे ते मऊ, लवचीक आणि पाण्याला थोडं जास्त टिकणारं होतं. दोन्ही चामडी चांगलीच, कामं वेगळी.

मग टाक्याकडे गाडी वळली, आणि इथे मामाचा आवाज बदलला. त्याच्या मते सूट चामड्यावर कमी आणि शिवणीवर जास्त टिकतो. बाहेरून दिसणारा धागा घसरताना पहिल्या झटक्यातच झिजतो. तो एकटाच तुकडे धरून असेल, तर दुसऱ्या सेकंदाला शिवण उघडते आणि चामडं कितीही जाड असलं तरी उपयोग नाही. चांगल्या सूटात दोन-तीन ओळींची शिवण असते आणि त्यातली किमान एक ओळ आत दडवलेली, डांबराला न लागणारी असते. धागा नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा, सुती नव्हे. घामाने सुती धागा कुजतो. शिवाय खांदा, कोपर, नितंब, गुडघा या आदळणाऱ्या जागी शिवणी जेवढ्या कमी तेवढं बरं. खूप रंगांचे पट्टे, नावं, आकडे कापून जोडलेला सूट फोटोत झकास दिसतो, पण प्रत्येक पट्टा म्हणजे नवी शिवण.

"मग तूच शिवून दे ना," भाची म्हणाली.

"नाही," मामा ताडकन म्हणाला. "मी पिशवी शिवतो. पिशवीची शिवण उसवली तर सामान पडतं."

यावर भाचीने तिचं पान टाकलं. मामाने बोटांनी जे सांगितलं ते खरं, पण ते एका मामाच्या बोटांत आहे. दुकानात उभ्या असलेल्या कुणाकडे ती बोटं नाहीत. त्यासाठी युरोपात चाचण्या आहेत. ईएन १७०९२ हे मोटरसायकलच्या कपड्यांचं मानक २०२० पासून लागू आहे. त्यात एएए, एए, ए असे वर्ग आहेत. जर्मनीत विकसित झालेल्या डार्मस्टाट यंत्रावर कापडाचे तुकडे फिरवून काँक्रीटच्या लादीवर सोडतात आणि ते घसरून थांबेपर्यंत मोठं भोक पडतं का बघतात. एएए वर्गात खांदा-कोपर-गुडघा यांसारख्या सगळ्यात जास्त धोक्याच्या जागांसाठी सुरुवातीचा वेग ताशी १२० किलोमीटर, एए वर्गात ७० आणि ए वर्गात ४५. शिवणीची ताकद, फाटण्याचा प्रतिकार हेही तपासतात. यापूर्वीचं ईएन १३५९५ आणखी कडक होतं. त्यात केंब्रिजच्या यंत्रावर फिरत्या खरखरीत पट्ट्यावर तुकडा दाबून धरत आणि भोक पडायला किती सेकंद लागतात ते मोजत. पहिल्या पातळीला चार सेकंद, दुसऱ्या पातळीला सात. बरेच जाणकार आजही त्या जुन्या आकड्यांची आठवण काढतात.

"म्हणजे लेबल बघितलं की झालं?"

"कुठलं लेबल बघितलं यावर आहे," भाची म्हणाली.

इथे एक फसवणूक सर्रास चालते आणि ती जाहिरातीत उघड्यावर असते. 'सीई प्रमाणित सूट', म्हणजे युरोपीय मानकांना उतरलेला, असं लिहिलेलं असतं. आत शिवलेलं लेबल शोधलं तर सापडत नाही. प्रमाणपत्र असतं ते आतल्या पॅडचं. खांदा, कोपर, गुडघ्याच्या पॅडांना ईएन १६२१-१ हे वेगळं मानक आहे. त्यात ५० जूल ऊर्जेचा घाव घालतात, म्हणजे साधारण पाच किलोचं वजन मीटरभरावरून सोडावं तेवढा. पॅडमधून पलीकडे पोचणारं बल सरासरी ३५ किलोन्यूटनपेक्षा कमी राहिलं तर पातळी १, २० पेक्षा कमी राहिलं तर पातळी २. पाठीच्या पॅडसाठी आकडे १८ आणि ९. हे पॅड उत्तम असू शकतात आणि ज्या चामड्यात ते बसवले आहेत त्याला कोणी हातही लावलेला नसू शकतो. भारतात हेल्मेटला आयएसआय सक्तीचं आहे. सूटाला कुठलीच सक्ती नाही. त्यामुळे विचारायची जबाबदारी घेणाऱ्यावरच पडते. कपड्याच्या आत शिवलेल्या पट्टीवर ईएन १७०९२ आणि त्यापुढे वर्ग लिहिलेला हवा. एएए असेल तर १७०९२-२, एए असेल तर १७०९२-३.

मामाला हे पटलं, पण तो एका गोष्टीवर अडून बसला आणि इथे लेखकाचं झुकतं माप त्याच्याकडे आहे. "यंत्रावर तुकडा घासला. तुकड्याला गुडघा कुठे आहे? तुझा गुडघा पॅडच्या वाटीत नसेल, तर लेबल काय करणार?"

घसरण्यात दोन वेगळी संकटं असतात आणि ती लोक एकत्र करतात. एक म्हणजे घासणं, ते वेगावर अवलंबून. दुसरं आदळणं, ते बहुतांश उंचीवर अवलंबून. गाडी आतल्या बाजूला घसरली तर अंग मीटरभर उंचीवरून जमिनीला लागतं. तो आघात ताशी पंधराएक किलोमीटरचा, गाडी पन्नासने जात असो की दीडशेने. मागचं चाक आधी सरकलं आणि पुन्हा पकड घेऊन त्याने चालवणाऱ्याला हवेत फेकलं, तर उंची दुप्पट होते आणि आघातही वाढतो. घासणं चामडं सांभाळतं, आदळणं पॅड. पॅड जागेवर असलं तरच. सैल सूटात पहिल्या आदळण्याआधीच कोपराची वाटी गोल फिरून आतल्या बाजूला जाते आणि हाड उघडं आदळतं.

म्हणून सूट उभ्याने निवडायचा नसतो. दुकानात आरशासमोर ताठ उभं राहून जो सूट छान दिसतो तो बहुतेक चुकीचा असतो. चांगला रेसिंग सूट घालून माणूस ताठ उभाच राहू शकत नाही. खांदे पुढे ओढले जातात, पाठ वाकते, पाण्याबाहेर काढलेल्या कासवासारखा तो अवघडून चालतो. तोच माणूस गाडीवर वाकला, हात हँडलवर गेले, गुडघे टाकीला लागले की सगळे ताण सुटतात. बाह्या आणि पाय आधीच वाकवून कापलेले असतात. पाठीच्या खालच्या भागावर, गुडघ्याच्या वर, खांद्यांवर एकॉर्डियनसारख्या घड्या असतात, त्या वाकल्यावर उघडतात. बगलेत, गुडघ्यामागे, मांडीच्या आतल्या बाजूला ताणणारं अरामिड कापड असतं. ते घासण्याला कमजोर, म्हणून ते फक्त डांबराला न लागणाऱ्या जागीच हवं. मांडीच्या बाहेरच्या बाजूपर्यंत पसरलेलं ताणकापड दिसलं की सूट ठेवून द्यावा.

"आधी वाकून बघ," मामा म्हणाला. भाची तिथल्याच एका स्टुलावर दोन पाय टाकून बसली आणि हवेतलं हँडल धरून पुढे झुकली. कारागिरांनी मान वर केली. अंगावर सूट नव्हता, पण मामाने टेप काढून दाखवलं की ताठ बसल्यावर आणि वाकल्यावर मानेच्या हाडापासून माकडहाडापर्यंतचं अंतर किती बदलतं.

वाकल्यावर तपासायच्या गोष्टी फार नाहीत, पण चुकवता येण्यासारखी एकही नाही. कॉलर गळ्यात रुतते का. दीर्घ श्वास घेता येतो का. दुसऱ्याने कोपराची आणि गुडघ्याची वाटी बोटांनी गोल फिरवायचा प्रयत्न केला तर ती फिरते का. फिरली तर सूट मोठा आहे. बाह्या मनगटापर्यंत येतात का, की ग्लोव्ह आणि सूट यांच्यात पट्टाभर कातडी उघडी राहते. हेल्मेट घालून मान वर केली की ते सूटाच्या पाठीवरच्या उंचवट्याला लागतं का. गुडघा बाहेर काढून लटकल्यावर मांडीत ताण येतो का. चामडं वापराने थोडं सैल होतं, म्हणून नवा सूट घट्ट असणं ठीक; पण वाकल्यावर हाताला मुंग्या येत असतील तर तो घट्टपणा नव्हे, चूक आहे. आणि हे सगळं आतलं बनियन, पाठीचं पॅड, जे जे घालणार ते सगळं चढवून.

भाचीची अडचण आणखी एक होती. बहुतेक सूट पुरुषांच्या अंगावर बेतलेले. युरोपीय मापात पुरुषांचा ५० नंबर म्हणजे १०० सेंटिमीटर छाती. बायकांच्या मापांची गणितं वेगळी आणि ब्रँडगणिक बदलणारी. पुरुषी सूट घेतला तर छातीला आणि नितंबाला आवळतो आणि धडात लांब पडतो. धड लांब पडलं की गुडघ्याची वाटी खाली नडगीवर जाते. बायकांसाठी कापलेले सूट कमी मिळतात, आणि इथल्या दुकानांत तर हाताच्या बोटांवर मोजावे इतके. म्हणून मापाने शिवून घेण्याचा विचार. जगातल्या बऱ्याच ब्रँडांचे सूट पाकिस्तानातल्या सियालकोटमध्ये शिवले जातात. भारतातही आता मापाने शिवणारे आहेत. त्यांच्या मापांच्या तक्त्यात एक माप शिंप्याच्या नेहमीच्या वहीत नसतं: खांद्यावरून पुढून खाली, दोन पायांमधून मागे आणि परत त्याच खांद्यापर्यंत. वन-पीसचा सगळा खेळ या मापावर. ते दोन बोटं कमी पडलं तर सूट वाकल्यावर खांदे खाली खेचतो, जास्त पडलं तर मांडीत झोळ येतो.

चेन ही गोष्ट किरकोळ वाटते, म्हणून एक उदाहरण. जून २०२१, बार्सिलोनाजवळच्या सर्किटवर मोटोजीपीची, म्हणजे मोटरसायकलच्या जागतिक स्पर्धेची शर्यत. फाबियो क्वार्तारारोच्या सूटाची चेन शेवटच्या फेऱ्यांत छातीपासून खाली उघडली. त्याने छातीचं पॅड काढून फेकलं आणि उघड्या छातीने शर्यत पुरी केली. तिसरा आला, पण ट्रॅकबाहेरच्या आखूड वाटेने गेल्याबद्दल आणि उघड्या सूटाबद्दल मिळून सहा सेकंदांचा दंड झाला आणि सहाव्या जागी गेला. पडला असता तर दंडाची चिंता करावी लागली नसती. चेन वर ओढल्यावर तिच्या टोकावर पट्टी किंवा वेल्क्रोची झाकणी बसते का, ती वाकून, हात हलवून, जोर लावून बघायची.

"आणि उकाड्याचं काय?" मामाने विचारलं. त्याने आणखी एक शंका काढली.

२४ सप्टेंबर २०२३ रोजी ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर मोटोजीपीची भारतातली पहिली शर्यत झाली. उष्णतेमुळे तिच्या २४ फेऱ्या कमी करून २१ केल्या. मार्को बेझेक्की जिंकला. दुसरा आलेला होर्हे मार्टिन शर्यत संपल्यावर शरीरातलं पाणी कमी झाल्याने कोसळला. जगातले सगळ्यात तंदुरुस्त, सगळ्यात हवेशीर सूट घातलेले शर्यतपटू हे. करी स्पीडवेवर भाचीला वीस मिनिटांच्या फेऱ्या मारायच्या आहेत, त्यामुळे तिची तुलना त्यांच्याशी नाही, पण बारीक छिद्रं असलेलं चामडं तिने घ्यावं हे दोघांनाही मान्य. छिद्रं छातीला, मांडीच्या पुढच्या बाजूला, पोटरीला. खांदा-कोपराला नकोत, छिद्रं पाडलेलं चामडं न पाडलेल्यापेक्षा लवकर फाटतं. अस्तर काढून धुता येणारं हवं. घामाचं मीठ चामड्याला खातं.

सूटाच्या आत, पडताना फुगणाऱ्या एअरबॅगवर मात्र पुन्हा जुंपली, आणि आश्चर्य म्हणजे या वेळी बाजू उलट्या झाल्या. काटकसरी मामा खर्च करायला निघाला.

त्याच्याकडे कारण होतं. १९७५ साली अमेरिकेतल्या डेटोनाला मागचं टायर निकामी होऊन ब्रिटिश शर्यतपटू बॅरी शीन ताशी सुमारे २८० किलोमीटरने पडला; मांडीचं हाड, मनगट, गळपट्टीचं हाड, बरगड्या मोडल्या. त्यानंतर शीन आणि इटलीच्या विचेंझा भागातली डायनेझे कंपनी यांच्या कामातून पाठीचं पहिलं कवच आलं; शेवंडीच्या कवचासारखं, एकावर एक सरकणाऱ्या तुकड्यांचं. पुढे वारा कापण्यासाठी पाठीवर आलेल्या उंचवट्यात एअरबॅग फुगवणारं इलेक्ट्रॉनिक्स शिरलं. २०१३ मध्ये इटलीतल्या मुजेल्लोच्या सरावात मोटोजीपीचा शर्यतपटू मार्क मार्केझ ताशी सुमारे ३३७ किलोमीटरने जाताना गाडी सोडून पडला. हनुवटी फाटली, खांद्याला थोडी इजा, पण तो चालत गेला. २०१८ पासून मोटोजीपीत एअरबॅग सक्तीची झाली.

"मार्केझचा दाखला मला देऊ नकोस," भाची म्हणाली. "त्याच्या आजूबाजूला दुसरी गाडी नव्हती. २०११ मध्ये मलेशियातल्या सेपांगला मोटोजीपीच्या शर्यतीत सिमोंचेल्ली पडला, अंगावर मागून दोन गाड्या आल्या आणि तो गेला. तिथे कुठलाही सूट काही करू शकला नसता."

"म्हणून जिथे करू शकतो तिथे करू नये?"

"आधी चामडं. एअरबॅग पुढच्या वर्षी. वेगळी व्हेस्ट घेईन."

"पुढच्या वर्षी घेतलीस तर ती या सूटात मावेल?"

याचं उत्तर तिला देता आलं नाही, कारण प्रश्न बरोबर होता. एअरबॅग फुगायला आत जागा लागते. छातीला आणि पाठीला चार-पाच सेंटिमीटरची सोय, आणि त्यासाठी बाजूला ताणकापड. अंगाला चिकटून शिवलेल्या सूटात ती फुगली तर चामडं हलत नाही आणि दाब बरगड्यांवर येतो. म्हणजे एअरबॅग नंतर घ्यायची असली तरी सूटाचं माप आत्ताच तिच्यासह घ्यायला हवं. पण तिच्यासह मापलेला सूट तिच्याशिवाय घातला की सैल पडतो, आणि सैल सूटात वाट्या फिरतात.

"मग पहिल्या वर्गाला भाड्याचा घे," मामा म्हणाला. "बऱ्याच शाळा देतात. घामाचा वास येईल, पण कुठे रुततं, कुठे ढिलं पडतं ते कळेल. तोवर चामड्याचे पैसे एअरबॅगमध्ये घाल."

"आणि सूट?"

"देशी घे. तीसएक हजारांत मिळतो. लाखाचा परदेशी पुढे बघू."

"देशीला १७०९२ ची पट्टी असली तर."

"असलीच पाहिजे. आणि जाडी लिहून घे. पडलीस तर तुकडा बदलून मिळतो का तेही विचार. आणि पावसाळ्यात तो प्लास्टिकच्या पिशवीत कोंबायचा नाही, रुंद खांद्याच्या हँगरवर, वारा लागेल असा. उन्हात तर मुळीच नको."

भाचीने विक्रेत्याला मेल लिहायला घेतला. जाडी, शिवणीच्या ओळी, आतल्या पट्टीचा फोटो, बायकांचं माप, एअरबॅगसाठीची मोकळीक. मामाने खांद्यावरून वाचलं आणि म्हणाला, "धागा कुठला तेही विचार." तिने ते घातलं. एअरबॅग आधी की चामडं आधी यावर ती अजून 'आधी चामडं'वर होती, आणि मामा 'आधी एअरबॅग'वर.